सुपारीखाली पाच गोळ्या

आमच्या घरात सगळ्यात मोठा आवाज खलबत्त्याचा. खाली खानावळ, वर दोन खोल्यांत आम्ही तिघं, आणि पहाटे पाचला आईचा पहिला ठोका पडला की गल्लीतली कुत्रीसुद्धा उठून बसायची. मिरची, धणे, खोबरं, तीळ, एकेक जिन्नस भाजून कुटायचा. त्या लोखंडी खलबत्त्याचं वजन एवढं की तो हलवायला आबाच लागायचे. आबा म्हणजे माझे वडील. तरुणपणी तालमीत होते. मोठे पैलवान झाले नाहीत हे ते स्वतःच सांगायचे, पण सांगायची तऱ्हा अशी की ऐकणाऱ्याला वाटावं, मोठं व्हायचं ह्यांनीच नाकारलं असणार. त्या आवाजात वाढलेली मी. त्यामुळं नेमबाजीच्या क्लबात पॉइंट बावीसच्या रायफलीचा बार पहिल्यांदा ऐकला तेव्हा माझ्या तोंडातून निघून गेलं, "एवढाच व्हय?" चौगले मास्तरांनी तो अपमान शेवटपर्यंत लक्षात ठेवला.

चौगले मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले ड्रिलमास्तर. क्लबात नेमबाजी शिकवायचे आणि दुपारी आमच्या खानावळीत जेवायचे. कोपऱ्यातलं टेबल त्यांचं. जेवणाबद्दल त्यांनी कधी बरं म्हटलं नाही, वाईटही म्हटलं नाही, पण जेवणाऱ्यांबद्दल मात्र त्यांना मतं फार. "त्यो बघ, पोक काढून जेवतोय. ह्येची गोळी कायम वर जाणार." ज्याच्याबद्दल चाललंय तो बिचारा जयसिंगपूरहून बाजाराला आलेला व्यापारी, त्यानं जन्मात बंदूक धरलेली नसायची. तो दचकून ताठ बसायचा आणि मग रश्श्याचा थेंब धोतरावर. जेवण झालं की मास्तर खिशातनं सुपारी काढायचे, अख्खी, आणि अडकित्त्यानं कातरायचे. ती सुपारीही मास्तरांसारखीच कडक. एकदा एका पावण्यानं हौसेनं खांड मागून घेतलं आणि त्याला अशी लागली की घामानं सदरा भिजला, डोळ्यांतनं पाणी, आणि आईनं त्याला गूळ-पाणी देऊन बाकावर आडवा केला. आबा सुपारीला शिवायचे नाहीत. तालमीतल्या वस्तादानं शपथ घातली होती म्हणायचे. वस्ताद जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण शपथ चालूच.

मी क्लबात गेले ती हट्टानं. अकरावीत होते. "गोळी लागली ते कळतं कसं?" असं मी मास्तरांना वाढता वाढता विचारलं, आणि ते म्हणाले, "ये की रविवारी. डोळं हायत न्हवं?" आबांना विचारलं. आबा मला कशालाच नाही म्हणायचे नाहीत. ह्याला कारण होतं, आणि ते कारण माझ्या डाव्या हातात आहे. आजही आहे, हे लिहितानासुद्धा कागद दाबून ठेवायला तो वाकडाच पुढं आलाय.

आठ वर्षांची असताना मी जांभळीवरून पडले आणि कोपर निखळलं. आबांनी दवाखान्यात नेलं नाही. तालमीत खांदे, मनगटं, बोटं बसवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. "ह्यात काय हाय," असं म्हणून त्यांनी मला मांडीवर घेतलं, हात धरला आणि दिला झटका. कोपर बसलं. पण त्याला वाटेल तसं बसलं. आत हाड मोडलंय हे आबांना कळलं नाही, आणि आठवड्यानं दवाखान्यात गेलो तेव्हा डॉक्टर आधी आबांकडं बघत राहिले. तेव्हापासून हात काटकोनाच्या पुढं उघडत नाही. त्या दिवसानंतर आबांनी हाताचं नाव काढलं नाही. एक शब्द नाही. फक्त मटणातली नळी कायम माझ्या वाटीत यायची. गिऱ्हाईक नळीसाठी भांडायचं, आबा खुशाल सांगायचे, "आज बोकडाला नळीच नव्हती की वो."

तर क्लबात पहिल्याच दिवशी पंचाईत झाली. पालथं पडून मारायचं म्हणजे डावा हात लांब पुढं घालून रायफल खालून तोलायची, दंडाला पट्टा आवळायचा. माझा हात पुढं जाईना. मास्तर म्हणाले, "लांब कर." म्हटलं, "होत न्हाई." "न होऊन सांगतंय कुणाला?" म्हणून त्यांनी मनगट धरून ओढलं, आणि मी अशी किंचाळले की शेजारी पालथ्या पडलेल्या पोराची गोळी पार मातीच्या भरावात गेली. मास्तरांनी मनगट सोडलं. मग कडेला बोट दाखवून म्हणाले, "मग तिकडं जा. टेकूवाल्यांच्यात."

टेकूवाले म्हणजे चार म्हातारे. कुणाचा खांदा गेलेला, कुणाची मान. ते रायफलीच्या नळीखाली दोन पायांचा टेकू लावून मारायचे. दुकानात त्याला बायपॉड म्हणतात, क्लबात सगळे घोडी म्हणायचे. दंडाला पट्टा आवळणारी, म्हणजे पट्टेवाली, तरुण पोरं ह्या चौघांना हसायची. "आजोबा, घोडी दमली का?" त्यांच्यातले म्होरके फौजदारकाका, पोलिसातून निवृत्त. ते मला बघून म्हणाले, "या, या. आमचा दवाखाना हाय ह्यो. तुम्हाला काय झालंय?" मी हात दाखवला. त्यांनी स्वतःचा खांदा दाखवला. आमची ओळख अशी झाली.

क्लबाची रीत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. रायफली होत्या मोजून चार आणि शिकणारे पन्नास. म्हणून वर्षातून एका रविवारी निवड व्हायची. पन्नास मीटरवर पाच गोळ्या, एकदाच. पट्टेवाल्यांचा पत्रा, म्हणजे निशाणाचा पुठ्ठा, त्याला आम्ही पत्राच म्हणायचो, मास्तर समोर ठेवायचे आणि त्यावर लिंबू ठेवायचे. पाची भोकं लिंबाखाली झाकली तर वर्षभर रायफल तुमची. टेकूवाल्यांना लिंबू नाही. "घोडीवर बसून परत लिंबू?" मास्तर म्हणायचे. टेकूवाल्यांना सुपारी. मास्तरांच्याच खिशातली, रोठा जातीची, बसकी बाजू खाली. सुपारी जागेवर फिरवता यायची, सरकवता यायची नाही. झाकली तर मास्तर तिथल्या तिथं ती अडकित्त्यानं कातरून अर्धी नेमबाजाला द्यायचे, अर्धी स्वतः खायचे. नाही झाकली तर पुढच्या वर्षी बघू. माझ्यासारख्या पोरीच्या बाबतीत पुढच्या वर्षी बघू म्हणजे काय, ते मला माहीत होतं. बारावीचं वर्ष, मग कुणीतरी स्थळ आणायचं, मग कसली रायफल नि कसलं काय. निवडीला सात महिने हातात होते.

क्लबातली एकुलती घोडी जुनी, एक पाय लटपटता, आणि ती फौजदारकाकांच्या मालकीची असल्यासारखीच. आबांनी ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी इचलकरंजीला गेले. दस्तगीरचाचा तिथं मागांच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारे. आबांचे तालमीतले जोडीदार. दोघं एकमेकांना आस्मान दाखवल्याच्या गोष्टी सांगायचे आणि दोघांच्या गोष्टीत जिंकणारा वेगळा असायचा. चाचांनी भंगारातल्या मागाच्या सळया घेऊन घोडी केली. पाय लांब-आखूड करायला भोकं आणि खिळी, आणि पायांच्या तळाला मागात धोटा फेकणाऱ्या पिकरचं जाड चामडं. हातात देताना म्हणाले, "बेटा, ह्या सळीनं वीस वर्सं रातंदिस दणकं खाल्ल्यात. तुझ्या बंदुकीला ती काय भिती?" आबांनी उचलून बघितली आणि म्हणाले, "मजबूत हाय." आबांच्या तोंडचं ह्याहून मोठं कौतुक नव्हतं. चांगलं, सुंदर, हुशार, ह्या सगळ्यांना त्यांच्याकडं एकच शब्द, मजबूत.

ती घोडी अजून घरात आहे. नातीनं तिच्यावर मोबाईल टेकवून माझं पुरणपोळीचं चित्रीकरण केलं मागच्या महिन्यात. पोळी फुटली, घोडी हलली नाही.

आता तुम्ही म्हणाल, मजबूत घोडी आली म्हणजे गोळी नेमकी जाणार. मलाही असंच वाटलं होतं. पण माझ्या गोळ्या पत्र्यावर अशा पडायच्या की मास्तर विचारायचे, "पेरणी करतीस काय?" एक वर, एक डावीकडं, एक कुठं गेली ते देवाला ठाऊक. महिनाभर हेच. आबांचं निदान ठरलेलं होतं. "तू ढिली धरतीस. दाबून धर. कुस्तीत पट धरल्यागत धर." मी दाबून धरायची, एवढी की बोटं पांढरी पडायची, आणि नळी थरथर कापायची. आबा मागं उभे राहून ओरडायचे, "सोडू नगंस!" मास्तर त्यांना म्हणायचे, "पैलवान, ती रायफल हाय. तिला चितपट करायचं न्हाई."

उलगडा केला आईनं, आणि तोही क्लबात न येता. मी रात्री जेवताना रडवेली होऊन सांगत होते, की बार झाला की घोडी जागची उडते, दर वेळी वेगळ्या बाजूला. आई भांडी आवरत होती. तिनं विचारलं, "खाली काय असतंय?" म्हटलं, "फरशी. शहाबादी." आई हसायलाच लागली. "अगं बाई, नुसत्या फरशीवर खलबत्ता ठिवला तर त्यो भी नाचतोय की. बघितलं न्हाईस व्हय जल्मात? खाली पोतं घाल." सतरा वर्षं त्या आवाजानं मी उठत होते आणि खलबत्त्याखालचं घडी घातलेलं गोणपाट मला कधी दिसलं नव्हतं. शिकलेल्या माणसाचे डोळे असेच असतात. दुसऱ्या दिवशी आईनं तेच गोणपाट झटकून माझ्या पिशवीत घातलं. क्लबात ते उलगडलं आणि टेकूवाल्यांना शिंका सुरू झाल्या. फौजदारकाका नाक पुसत म्हणाले, "ही पोरगी आम्हाला मारूनच नंबर लावणार." पण घोडी जागेवर राहिली. पाय गोणपाटात किंचित रुतायचे आणि बार झाल्यावरही तिथंच असायचे.

मग मास्तर पहिल्यांदा माझ्या शेजारी गुडघ्यावर बसले. तोवर ते टेकूवाल्यांना शिकवायचे नाहीत, म्हाताऱ्यांना काय शिकवायचं म्हणून. म्हणाले, "आता ऐक. रायफल धरू नगंस. तिला खांद्यानं पुढं जरासा रेटा दे. जरासाच. पाय पोत्यात टेकल्यासारखं लागलं की बास. आन् दर गोळीला तेवढाच. आज मायेनं आन् उद्या रागानं, असं चालायचं न्हाई." आणि डावा हात? तो पुढं न्यायचाच नाही. तो घडी घालून रायफलीच्या मागच्या लाकडी दस्त्याखाली ठेवायचा, खांद्याजवळ, आणि मुठीत एक छोटी पिशवी धरायची. मूठ आवळली की दस्ता केसभर वर, सैल केली की खाली. आईनं पायजम्याच्या कापडाची पिशवी शिवली, आत जोंधळा भरला. मी हात दस्त्याखाली घातला आणि गंमत बघा, तो तिथं असा बसला की जसा काही त्याच मापानं मोडला होता. फौजदारकाकांना तसा हात वाकवून धरायला त्रास व्हायचा, घटकेनं मुंग्या यायच्या. माझा तर कायमच तसा. मास्तरांनी वाकून तो हात नीट बघितला. मग म्हणाले, "देवानं बायपॉडवालीच केलीय हिला." मागं उभ्या असलेल्या आबांनी ते ऐकलं. देवानं केलेलं नाही, कुणी केलंय हे त्यांना ठाऊक होतं. ते बाहेर सायकलीपाशी जाऊन उभे राहिले.

हळूहळू भोकं जवळ यायला लागली. आधी वाटीएवढ्यात, मग लिंबाएवढ्यात, मग कधीकधी सुपारीएवढ्यात. निवडीच्या आदल्या आठवड्यात तर सलग तीनदा सुपारीत बसली. आबा खानावळीत गिऱ्हाइकांना पत्रे दाखवायला लागले. भाकरी मागणाऱ्याला आधी पत्रा, मग भाकरी.

आणि उजाडला तो रविवार. आबांनी मला चारलाच उठवलं आणि सायकलवर दुधाच्या कट्ट्यावर नेलं. म्हशीची धार समोर काढलेली, फेसाळ, कोमट. अर्धा लिटरचा तांब्या. "पी." मी प्यायले. "आनी जरा." प्यायले. घरी आलो तर चुलीवर मटण. दोन तासांनी पान वाढलं. दोन भाकरी, अळणी मटण, पांढरा रस्सा दोन वाट्या, आणि नळी. आई म्हणाली, "अवो, दूध आन् मटण एका पोटात घालताय काय पोरीच्या?" आबा म्हणाले, "पैलवानाच्या पोटाला त्ये काय कळतंय? फडात उतरायचं म्हंजे आत ऐवज पाहिजे." "ती फडात उतरणार न्हाई, पालथी पडणार हाय," आई म्हणाली. कुणी ऐकलं नाही. मीही ऐकलं नाही, खोटं कशाला बोलू. रस्सा झाला होताच तसा. कोल्हापूरच्या माणसाला भरल्या पोटाची भीती कधी वाटलीय?

क्लबात माझा नंबर आला. गोणपाट पसरलं, घोडी ठेवली, पालथी पडले, आणि मला कळलं की माझ्या आणि जमिनीच्या मधे एक बोकड आहे. रायफलीवरच्या मागच्या बारीक भोकातून पुढचं कडं दिसायचं, कड्यात निशाणाचा काळा ठिपका. रोज तो कड्यात गुमान बसायचा. आज तो श्वास घेतला की खाली, सोडला की वर. श्वास धरला तरी नाडीचा ठोका पडेल तसा उड्या मारायला लागला. वाट बघितली. डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली तेव्हा मारली. पाची मारल्या. मारतानाच मला माहीत होतं.

मास्तरांनी पत्रा टेबलावर ठेवला. पाच भोकं एकाखाली एक, सरळ उभी. डावीकडं-उजवीकडं काही नाही. सुपारी ठेवली. तीन झाकली. एक वर राहिलं, एक खाली. मास्तर पत्रिका बघणाऱ्या ज्योतिषासारखे वाकले. मग माझ्याकडं न बघताच विचारलं, "काय खाऊन आलीस?" मास्तर वरच्या भोकावर नख ठेवून म्हणाले, "हे दूध." मग खालच्यावर. "आन् ह्यो पांढरा रस्सा. दोन वाट्या असाव्यात." सगळे हसले. त्यांनी सुपारी उचलून परत खिशात टाकली. "रेटा चांगला हाय, हात चांगला हाय. पुढच्या वर्षी बघू."

तेवढ्यात आबा पुढं आले. फडात उतरतात तसे, बाह्या सावरत. मला वाटलं, आता भांडण. पण ते मास्तरांसमोर उभे राहिले आणि सावरलेल्या बाह्या परत खाली ओढल्या. मग आवाज फुटला तो सगळ्या क्लबाला ऐकू जाईल एवढा. "मास्तर, तिचा हात मी मोडला. दवाखान्यात न्यायचा सोडून मी बसवाय गेलतो. आन् आज पोट भी मीच भरलंय. दोनी चुका माझ्या हायत. पोरीची एक भी न्हाई. काय शिक्षा द्यायची ती मला द्या. खानावळीत मोफत जेवा जल्मभर. पर तिला परत एकदा मारू द्या."

एवढ्या वर्षांत जे घरात आम्हा दोघींसमोर बोलले नव्हते, ते पन्नास माणसांसमोर. मला लाज वाटली, हेही लिहून ठेवते. माणसाला आपल्या बापाची लाज वाटायला फारसं कारण लागत नाही त्या वयात. आणि त्याच क्षणी मला त्यांच्या कमरेला मिठी मारावीशी वाटली. दोन्ही खरं आहे.

मास्तर म्हणाले, "पैलवान, नियम हाय. एकदाच." मग फौजदारकाका, ज्यांनी आयुष्यभर नियम लोकांच्या पाठीवर उठवले, ते खुर्चीतनं उठले. "मास्तर, नियम नेमबाजाला हाय. ही चूक नेमबाजाची न्हाई, आचाऱ्याची हाय. आचाऱ्यासाठी आपल्यात नियम कुठाय?" बाकीचे तीन टेकूवाले माना हलवायला लागले. आपल्या दवाखान्यातलं पेशंट बाहेरच्यांनी घालवू नये एवढंच त्यांना कळत होतं. मास्तरांनी घड्याळ बघितलं. "चार वाजता. तवर घोटभर पाणी. पैलवान, लांब बसायचं तिच्यापासनं. तुमच्या हातात काय दिसलं खायाचं तर दोघांस्नी भाईर काढीन."

आबा लांब बसले नाहीत. आम्ही दोघं मागच्या कडुलिंबाच्या सावलीत बसलो. रविवार, खानावळीचा सगळ्यात मोठा दिवस, आणि आबा झाडाखाली. त्यांनीही काही खाल्लं नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी समोर बघतच विचारलं, "दुखतोय काय गं अजून?" नऊ वर्षांत पहिल्यांदा. म्हटलं, "थंडीत. जरासा." त्यांनी "हं" केलं. मग म्हणाले, "दवाखाना सायकलीनं सात मिन्टावर हुता. मागनं मी चारदा जाऊन बघितलं. सात मिन्टंच लागत्यात." मी म्हटलं, "आबा, हात बंदुकीखाली बरूबर बसतोय." ते म्हणाले, "म्हणून काय मोडायचा व्हय?" आणि मग आम्ही चार वाजेपर्यंत एक अक्षर बोललो नाही. आज एवढ्या वर्षांनीही कुणाचं काही माफ करायचं असेल तर मी त्याच्या शेजारी नुसती बसते. बोलून ते बिघडतं.

चारला आई आली. कुणीतरी सांगितलं असणार. खानावळीला कुलूप लावून, हाताला मसाल्याची लाली तशीच. येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

मी पडले. पोट आता शहाणं झालं होतं. घोडीचे पाय गोणपाटात ठेवले, तिखटाचा वास आला, घर आठवलं. खांद्यानं जरासा रेटा. उजवा हात सैल. डावा दस्त्याखाली, मुठीत जोंधळा. ठिपका कड्यात आला, हलला, थांबला. पहिली गेली. परत तेवढाच रेटा. दुसरी. मागं आबा श्वास धरून उभे होते, ते मला ऐकू येत होतं, म्हणजे काहीच ऐकू येत नव्हतं. तिसरी, चौथी. पाचवीला मूठ जरा जास्त आवळली गेली असं वाटलं. मूठ सैल सोडली, पहिल्यापासून सगळं केलं, आणि मारली.

मास्तरांनी पत्रा आणला. मधे एक वेडंवाकडं मोठं भोक, आणि त्याच्या कडेला एक वेगळं. पाचवं. सुपारी ठेवली. मोठं भोक झाकलं. कडेच्या भोकाची काळी किनार बाहेर दिसत होती, चंद्राच्या पहिल्या कोरीएवढी. मास्तरांनी चष्मा पुसला, गुडघ्यावर बसले आणि दोन बोटांनी सुपारी जागच्या जागी फिरवायला लागले. सुपारी काय कंपासनं काढलेली नसते. एका बाजूला तिला जराशी ढेरी होती. ती ढेरी हळूहळू त्या कोरीकडं आली. आली. आणि कोर गेली.

मास्तरांनी चौघा टेकूवाल्यांना बोलावून दाखवलं, पट्टेवाल्या पोरांना दाखवलं, शेवटी आबांना दाखवलं, आणि खिशातनं अडकित्ता काढला. कट्‌. अर्धी स्वतःच्या तोंडात, अर्धी माझ्या तळहातावर. "एवढाच व्हय म्हणाली हुतीस न्हवं पहिल्या दिवशी?" मास्तर म्हणाले. "एवढाच असतोय आवाज. बाकीचं हे असतंय." आणि पत्रा माझ्या हातात दिला.

मी ती अर्धी सुपारी नेऊन आबांच्या हातात ठेवली. शपथेचं माझ्या लक्षातच नव्हतं. आबांनी मूठ मिटली. त्यांच्या कपाळाला घाम फुटला, आणि त्या एवढ्या दांडग्या माणसाच्या डोळ्यांतनं घळाघळा पाणी वाहायला लागलं. सगळे बघायला लागले तसे ते तोंड फिरवून म्हणाले, "काय न्हाई, काय न्हाई. सुपारी लागली."

आई भिंतीपासून पुढं आली. तिनं पदराला हात पुसले आणि त्यांचं मनगट धरलं.

"मूठ उघडा बघू," ती म्हणाली.

आबांनी उघडली. सुपारी तशीच्या तशी हातात होती.